आजोबांचं नाव जनगणनेत सापडेल का?

पत्राचा गोषवारा असा: पत्र लिहिणाऱ्या ताई ४९ वर्षांच्या, मुलुंडला राहतात. बालपण काळाचौकीच्या चाळीत गेलं. आजोबा १९३० च्या सुमारास मालवण तालुक्यातल्या गावाहून मुंबईत आले आणि गिरणीत लागले. वडीलही पुढे त्याच गिरणीत. येत्या मार्गशीर्षात वडिलांचं सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलं आहे आणि त्या दिवशी घराण्याची वंशावळ त्यांच्या हाती द्यावी, असं ताईंच्या मनात आहे. न्यू जर्सीतल्या भाच्याने आपल्या अमेरिकन बायकोचे पणजोबा १९५० च्या जनगणनेत एका संध्याकाळी, एक पैसा न देता शोधले. रस्ता, धंदा, मुलांची वयं, सगळं एका पानावर. तेव्हापासून ताई रात्री जागून १९३१ च्या जनगणनेत रत्नागिरीची नावं शोधत आहेत आणि हाती काही लागत नाही. एका ऑनलाइन संस्थेने '१९३१ चा कौटुंबिक जनगणना उतारा' काढून देण्याचे १२,००० रुपये मागितले आहेत. भाऊ म्हणतो, देऊन टाक. वडिलांपुढे विषय काढला की ते "आता तां कित्याक उकरतंस?" म्हणतात आणि टीव्हीचा आवाज वाढवतात. गावच्या चुलत घराशी वीस वर्षं बोलणं नाही. ताईंचा प्रश्न: पैसे भरू का? आणि वडिलांच्या मागे लागू का?

ताई,

पैसे भरू नका. हे आधी सांगते, कारण बाकीचं पत्र वाचून होईपर्यंत भाऊ जीपे करून मोकळा व्हायचा.

तुमच्या शोधण्यात काही चूक नाही. जी वस्तू तुम्ही शोधताय ती भारतात जपलेलीच नाही. आपल्याकडे पहिली जनगणना १८७२ ची आणि सगळा देश एकाच वेळी मोजला गेला तो १७ फेब्रुवारी १८८१ ला. तेव्हापासून २०११ पर्यंत मोजणीदार दर दहा वर्षांनी दारोदार फिरला. त्याच्या फॉर्मात नावाचा रकाना होता, तुमच्या आजोबांचं नावही कुणीतरी लिहून घेतलंच असेल. पण १९०१ पासून पद्धत अशी होती की त्या फॉर्मावरून प्रत्येक माणसामागे एक चिठ्ठी उतरवायची. धर्माप्रमाणे चिठ्ठीचा रंग, त्यावर वय, धंदा, जन्माचा जिल्हा. मग चिठ्ठ्यांचे ढीग लावायचे आणि मोजायचे. चिठ्ठीवर नाव उतरवायची गरजच नव्हती. मोजणी झाली, तक्ते छापले गेले, घरोघरचे फॉर्म कुणी राखले नाहीत. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा जनगणना कायदा आला. त्याच्या कलम १५ नुसार जनगणनेच्या नोंदी कुणाला पाहायला मिळत नाहीत आणि कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाहीत. तेव्हा 'कौटुंबिक जनगणना उतारा' असा कागद कुणी देऊ केला, तर तो फुकट मिळणारा जिल्ह्याचा तक्ता तरी असेल, नाहीतर घरी टाईप केलेला असेल. 'उतारा' शब्द मात्र चलाखीने निवडलाय. सातबाऱ्याची सवय असलेल्या माणसाला तो लगेच खरा वाटतो.

भाच्याचं कौतुक करा, पण त्याच्याशी बरोबरी करू नका. अमेरिकेत मूळ फॉर्म राखतात आणि ७२ वर्षांनी खुले करतात. १९५० चे एप्रिल २०२२ मध्ये खुले झाले. ब्रिटनमध्ये ही मुदत शंभर वर्षांची आहे. आयर्लंडने १९०१ आणि १९११ चे सगळे फॉर्म फुकट ऑनलाइन ठेवले आहेत. ज्या वाचकांचे आजे-पणजे बोटीवर खलाशी होते किंवा विलायतेत शिकायला गेले होते, त्यांनी फॅमिलीसर्च या मोफत संकेतस्थळावर ब्रिटनची १८८१ ची जनगणना नावाने जरूर चाळावी. आणि नशिबाचा भाग तिथेही आहेच. इंग्लंड-वेल्सचे १९३१ चे सगळे फॉर्म डिसेंबर १९४२ च्या आगीत जळाले. म्हणजे तुम्हाला हवं असलेलं नेमकं ते वर्ष इंग्रजांकडेही नाही!

मग आपल्या जनगणनेचा काहीच उपयोग नाही का? आहे, पण तिथे आजोबांच्या नावाने जाऊ नका, गावाच्या नावाने जा. भारताच्या जनगणना कार्यालयाच्या संकेतस्थळावर जुने अहवाल आणि जिल्हा जनगणना पुस्तिका मोफत उतरवून घेता येतात. १९५१ पासूनच्या पुस्तिकांमध्ये गावागणिक आकडे मिळतात: घरं किती, पुरुष किती, बायका किती, लिहिता-वाचता येणारे किती. एक खाचखळगा लक्षात ठेवा. मालवण आज सिंधुदुर्गात असलं, तरी तो जिल्हा झाला १ मे १९८१ ला. त्याआधीचं सगळं रत्नागिरीच्या पुस्तिकेत आहे. तुम्ही 'सिंधुदुर्ग १९५१' शोधत बसलात, तर जन्मभर सापडणार नाही. अलिबाग-महाडच्या वाचकांनी तसंच रायगडऐवजी 'कुलाबा' शोधावं. आणि अंधेरी-कुर्ल्याचे जुने रहिवासी असाल, तर मुंबईच्या १९४१ च्या तक्त्यात तुम्ही नाही, कारण उपनगरं शहरात येऊ लागली ती १९५० पासून.

कोकणातल्या गावाचा तक्ता हाती आला की पुरुष आणि बायका हे दोन रकाने शेजारी ठेवून बघा. बायका जास्त. कितीतरी जास्त. हे फरकाचे पुरुष कुठे गेले ते तुम्हाला माहीत आहे. ते परळ-लालबागला एका खोलीत तीसजण पाळीपाळीने झोपत होते. त्या वजाबाकीत तुमचे आजोबा आहेत. नाव नाही, पण आहेत. मुंबईचे आकडेही असेच बोलतात. १८९१ ला शहरात ८,२१,७६४ माणसं होती, १९०१ ला ७,७६,००६. मधे १८९६ चा प्लेग झाला. 'आमचे पणजोबा प्लेगच्या साली गावाला पळाले' ही गोष्ट ज्यांच्या घरात सांगतात, त्यांच्यासाठी हा तक्ता वंशावळीशेजारी लावण्याजोगा आहे.

आता वडिलांकडे येऊ. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न तिथेच आहे.

तुम्ही लिहिता की त्यांना जुन्याचा कंटाळा आहे. मला तसं वाटत नाही. कोकणात वंशावळ हा शब्द नुसता प्रेमाचा नाही. मुंबईहून कुणी गावी गेलं आणि 'आपला मूळपुरुष कोण, त्याला मुलगे किती' असं विचारायला लागलं, की भावकीच्या मनात एकच येतं: हिस्सा मागायला आलीत. त्यातून विचारणारी लेक. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलग्याइतका हक्क मिळाला आणि तेव्हापासून माहेरवाशिणीने 'सातबारा' म्हटलं तरी ओसरीवर शांतता पसरते. चुलत घराशी वीस वर्षं बोलणं नाही म्हणता. वीस वर्षांपूर्वी काय झालं होतं? एखादा हक्कसोडीचा कागद, एखादी सही, आंब्याच्या दोन कलमांवरून झालेलं भांडण? ते वडिलांना माहीत असणार, आणि तुम्ही उकरताय म्हणजे तेच उकरताय असं त्यांना वाटत असणार. त्यांना एकदा स्पष्ट सांगा की जमिनीचं मला काही नको, नावं हवीत. आणि हे खरं नसेल, मनात कुठे हिश्श्याचाही विचार असेल, तर वंशावळीच्या आडून तो करू नका. त्याचा रस्ता वकिलाकडून जातो.

मागे मात्र लागू नका. 'आजोबांविषयी सांगा' म्हटलं की म्हातारी माणसं गप्प होतात, कारण प्रश्न फार मोठा असतो. त्याऐवजी वस्तू पुढे ठेवा. चाळीच्या भाड्याची पावती, गिरणीचा पास, आजीचा तांब्या. वडिलांनी गिरणी कामगारांच्या घरासाठी अर्ज भरला असेल, तर ती फाईल काढा. १९८२ साली पटावर असल्याचा पुरावा म्हणून घराघरांतून लोकांनी जे कागद गोळा केले, त्यात तिकीट नंबर, खातं, गावचा पत्ता असं कायकाय असतं. सोडतीत घर लागो न लागो, त्या निमित्ताने घरोघरी एकेक दप्तरखाना तयार झाला.

तुमच्याच पत्रातली एक वस्तू बघा. वडिलांची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर १ जून १९४५ आहे, पण आजी मार्गशीर्षातला जन्म सांगायची, असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. १ जूनला फार मनावर घेऊ नका. जूनमध्ये शाळा भरायची, मुलाचं वय बसेल अशी तारीख मास्तर टाकायचे. त्या पिढीतला अर्धा महाराष्ट्र १ जूनला जन्मलेला आहे. पण त्याच परिच्छेदात पुढे आजीचं एक वाक्य आहे, 'गोदीत स्फोट झालो तेव्हा ह्यो पोटात होतो'. ताई, हा पक्का पुरावा आहे. व्हिक्टोरिया गोदीतला स्फोट १४ एप्रिल १९४४ चा. तेव्हा वडील पोटात होते, तर जन्म १९४४ संपता संपता झाला असणार. त्या वर्षीचा मार्गशीर्ष नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत होता. आजीचं बरोबर, मास्तरांचं चूक. वडील दाखल्यापेक्षा सहा महिन्यांनी मोठे आहेत आणि तुम्ही वर्ष दाखल्यावरून व महिना आजीकडून घेतला असेल, तर तुमचा सोहळा वर्षभर उशिरा होतोय. होऊ दे. चंद्र मोजायला कोण बसलं होतं?

हीच रीत सगळ्या वाचकांनी वापरावी. जुन्या माणसांना सन विचारू नये, घटना विचारावी. प्लेग, १९१८ चा इन्फ्लुएंझा, गोदीचा स्फोट, १७ जुलै १९४७ ला बुडालेली रामदास बोट, १९८२ चा संप. 'रामदास बुडाली तेव्हा थोरली रांगत होती' एवढ्यावर अर्ध्या वर्षाच्या फरकाने जन्म बसवता येतो.

मुंबईतच अजून एक जागा आहे, तिथे मी तुमच्याजागी पुढच्या रविवारी जाईन. तुमच्या गावाचं मुंबईत मंडळ असेल. बहुतेक गावांचं असतं, गिरणगावात त्यांची एखादी खोलीही असायची. काही वर्षांपूर्वी लालबागच्या अशाच एका खोलीत मी वर्गणीची जुनी वही पाहिली. लाल बासनात बांधलेली, कोपरे उंदरांनी खाल्लेले. पानावर चार रकाने: नाव, वाडी, गिरणी, वर्गणी. वर्गणी आण्यांत. शेवटी उरलेल्या जागेत कुणीतरी बारीक अक्षरात शेरे मारले होते, 'गावी गेला', 'खाडा', 'पाळी बदलली'. एका नावापुढे 'भाऊ आला, दोघांचे मिळून'. जी माहिती तुमच्या भाच्याला अमेरिकन सरकारने दिली, जवळजवळ तीच एका ट्रंकेत पडली होती. चिटणीस म्हणाले, रद्दीत जायची होती, पण पितळी कुलूप लावून ठेवलेलं म्हणून राहिली. फोनवर फोटो काढून घ्या आणि मंडळालाही एक प्रत द्या.

गावाकडच्या कागदांत सगळ्यात उपयोगी म्हणजे वारस नोंदीचा फेरफार. सातबारा आज कोण आहे ते सांगतो, फेरफार काल कोण होतं ते. 'अमुक मयत, वारस पुढीलप्रमाणे' असं म्हणून मुलगे, मुली, विधवा यांची नावं त्यात येतात, म्हणजे एकेक फेरफार ही दोन पिढ्यांची तयार वंशावळच. सातबारा महाभूलेख या संकेतस्थळावर फुकट पाहता येतो, त्यावर फेरफारांचे क्रमांक असतात. जुने फेरफार स्कॅन होऊन 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर चढत आहेत, थोडं शुल्क भरून उतरवता येतात. तुमच्या गावचे नसतील, तर तहसील कार्यालयात नकलेचा अर्ज. आजोबांचं नाव मालक म्हणून नाही मिळालं, तर नाउमेद होऊ नका. खोती, म्हणजे खोतांची सारावसुलीची वतनं, १९४९ च्या कायद्याने गेली, त्याआधीची कित्येक घरं कागदावर फक्त कूळ म्हणून आहेत. इतर हक्काचा रकाना वाचा.

दुसरा कागद कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, गावातल्या जन्म-मृत्यूंची जुनी वही. मराठा-कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली, तेव्हा या वह्या महाराष्ट्रभर झटकल्या गेल्या. अनेक जिल्ह्यांनी सापडलेली पानं गाववार स्कॅन करून आपापल्या संकेतस्थळांवर टाकली. आरक्षणाच्या वादात तुम्ही कुठल्याही बाजूला असा, वंशावळ शोधणाऱ्याला इतकं फुकट घबाड यापूर्वी मिळालं नव्हतं. ही पानं बरीचशी मोडी लिपीत आहेत. आडनाव क्वचित. 'अमुक बिन तमुक', बिन म्हणजे चा मुलगा. मोडी येत नसेल, तर राज्याच्या पुराभिलेख विभागाचे वर्ग असतात. त्यांचं मुख्य दप्तर एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, काळा घोड्याजवळ आहे. तुम्ही एवढं सगळं शिकायची गरज नाही. दोन पानांसाठी जाणकाराला दोन पानांचे पैसे द्या, ते १२,००० च्या आसपासही जाणार नाहीत.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या नामावळ्या गाव आणि आडनावावर लावलेल्या असतात. घरातलं कुणी विधीला गेलं असेल, तर पणजोबांची सहीही सापडते. हरिद्वारच्या अशाच वह्यांची छायाचित्रं फॅमिलीसर्चवर मोफत आहेत. कोल्हापूर-सांगलीकडच्यांनी घराण्यांच्या वंशावळी राखणाऱ्या हेळव्याला विचारावं, तो अजूनही पोथी घेऊन दारी येतो. वसई-उत्तनकडच्यांनी चर्चची बाप्तिस्म्याची वही बघावी. गावाचं जुनं वर्णन हवं असेल, तर रत्नागिरी-सावंतवाडीचा १८८० चा गॅझेटिअर राज्याच्या गॅझेटिअर विभागाच्या संकेतस्थळावर आहे.

आता एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, तरी मी बोलणार. पत्रासोबत तुम्ही वंशावळीचा जो कच्चा आराखडा पाठवलाय, त्यात चार पिढ्यांत अकरा नावं आहेत आणि अकराही पुरुषांची. ज्या आजीच्या एका वाक्याने वडिलांचं जन्मवर्ष लागलं, ती त्यात नाही. तुम्हीही नाही. जुनी जनगणना तरी काय वेगळी होती? मोजणीदारांना तेव्हा सूचनाच असे की घरच्यांनी बाईचं नाव सांगायला नकार दिला, तर नुसतं 'स्त्री' लिहा. तुम्ही तर तेवढंही लिहिलेलं नाही.

बायकांची नावं मिळत नाहीत असं म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. फेरफारात विधवा आणि मुली असतात, हे वर आलंच. दुसरी जागा म्हणजे म्हाळ. पितृपक्षात भटजी संकल्प सांगतात, तेव्हा बाप, आजा, पणजा यांच्यापाठोपाठ आई, आजी, पणजी यांचीही नावं घेतात, शिवाय आईकडचीही. तुमच्या घरी म्हाळ घालत असतील, तर ती नावं दरवर्षी मोठ्याने उच्चारली जातात, फक्त कुणी लिहून घेत नाही. बहुतेक भटजींच्या डायरीत यजमानांची ही यादी असतेच. एक फोन करा. फक्त ही सासरची नावं, हे ध्यानात ठेवा. माहेरचं नाव आणि माहेरचं गाव वेगळं विचारावं लागेल. आजीचं माहेर कुठलं, हे तुम्हाला माहीत नाही असं तुम्ही लिहिलंय. वडिलांना त्यांचं आजोळ नक्की माहीत असेल.

म्हणून माझं ऐका, या रविवारी आजोबांचं नावच काढू नका. मूळपुरुष, गाव, चुलते, काही नको. चहा झाल्यावर, टीव्हीचा रिमोट तुमच्या हाती असताना, एवढंच विचारा की मे महिन्यात आजोळी जायचात तेव्हा बोट कुठल्या बंदराला लागायची, आणि उतरून घ्यायला कोण यायचं. फोनचं रेकॉर्डिंग त्यांना सांगून सुरू करा.